उंदरांना कोणी चोर म्हणत नाही

पेटी आली. माणूस दारात ठेवून गेला. आईने पंख्याखाली जुने पेपर पसरले, गवत बाजूला केलं आणि एकेक आंबा हुंगून मांडायला घेतला. पिकलेले पुढे, हिरवे मागे. पाच मिनिटांत घरभर वास झाला, आणि मला दर वर्षीप्रमाणे वैताग यायला लागला.

आंब्याचा नाही. आंब्याने कोणाचं काय वाईट केलंय? वैताग माणसांचा. एप्रिल-मे हे आमच्या नात्यागोत्यात साखरेचे महिने. ज्यांना मधुमेह आहे ते चोरटे होतात आणि ज्यांना नाही ते न्यायाधीश होतात. मग मला फोन. "नीलू, तू त्याच्यावरच संशोधन करतेस ना गं? मग सांग, अर्धा चालेल का? जेवणाआधी की नंतर? सालीसकट खाल्ला तर साखर कमी लागते म्हणतात." कालच सोसायटीतल्या एका बाईंनी गेटवर अडवून कोयीच्या पावडरीबद्दल विचारलं. मला माहीत नाही म्हटलं, तर म्हणाल्या, "मग तुम्ही तिथे करता तरी काय?"

करतो काय, तर उंदीर पाळतो.

अंधेरीच्या एका संशोधन संस्थेत मी काम करते. मधुमेहाचा धोका कोणकोणत्या जनुकांतून येतो हे आम्ही उंदरांच्या मदतीने शोधतो. हे वाक्य मी इतक्या जणांना सांगितलंय, की समोरच्याच्या चेहऱ्यावर पुढे काय येणार तेही मला पाठ आहे. आधी हसू. मग "बिचारे उंदीर." मग "पण माणूस कुठे आणि उंदीर कुठे!"

अहो, माणसांवर करता आलं असतं तर केलं असतं की! पण माणूस सांगितलेलं खात नाही आणि खाल्लेलं सांगत नाही. एक भाऊ रात्रपाळी करतो, दुसरा दिवसभर गल्ल्यावर बसतो. एकीच्या घरी सासू तूप वाढते, दुसरीच्या घरी तेलसुद्धा मोजून. मग साखर झाली ती रक्तातून आलेल्या गोष्टीमुळे की जगण्यातल्या, हे सोडवणार कसं? उंदरांचं तसं नाही. खाणं एकाच पोत्यातलं, पाणी एकाच टाकीतलं, दिवे लागायची आणि विझायची वेळ एकच. एवढं सगळं सारखं असूनही एकाला साखर होते आणि दुसऱ्याला होत नाही, म्हणजे फरक आतला. तो आतला फरक नेमका कुठे बसलाय, एवढंच आमचं काम.

आमच्याकडे तेव्हा दोन जातींचे उंदीर होते. काळे आणि तपकिरी. दोघांमध्येही भूक न शमण्याचा जन्मजात दोष होता, त्यामुळे दोघेही खाऊन खाऊन चेंडूसारखे व्हायचे. चालताना पोट खाली घासायचं. पण काळे कितीही सुटले तरी त्यांची साखर ताब्यात. स्वादुपिंडातल्या इन्शुलिन करणाऱ्या त्यांच्या पेशी मागणी वाढली की स्वतःही वाढायच्या, जास्तीचं काम अंगावर घ्यायच्या. तपकिऱ्यांच्या पेशी थोडे दिवस रेटायच्या आणि मग हात टेकायच्या. पाण्याची बाटली बघता बघता रिकामी, आणि पिंजरा सतत ओला. लांबूनच कळायचं, याला झाली.

आम्ही काळ्या-तपकिऱ्यांच्या जोड्या लावल्या. त्यांच्या पिल्लांच्या आपसात लावल्या. त्या नातवंडांमध्ये दोन्ही घराण्यांचे गुण पत्ते पिसल्यासारखे मिसळतात. मग प्रत्येक नातवंडाची साखर बघायची आणि त्याच्या गुणसूत्रांवर कुठला तुकडा काळ्यांचा आणि कुठला तपकिऱ्यांचा ते बघायचं. ज्यांची साखर चढते, त्यांच्यात तपकिऱ्यांचा एखादा तुकडा हटकून सापडतोय का? सापडला, तर माणसाच्या गुणसूत्रांवर त्याच्या जोडीची जागा हुडकायची आणि तिथे काही गडबड आहे का पाहायचं. सांगायला इतकं सोपं आहे. करायला तारुण्य जातं.

ज्या मे महिन्याची मला दर पेटीबरोबर आठवण येते, तो बऱ्याच वर्षांपूर्वीचा. नातवंड-उंदरांची पहिली मोठी तुकडी तपासणीच्या वयाला आली होती. घाटकोपरला माझ्या चुलत बहिणीचा, रेश्माचा, साखरपुडा ठरला होता. आणि बाबांची साखर काही केल्या खाली येत नव्हती.

बाबा, म्हणजे शशिकांत. अंगाने काडी. पँटचा पट्टा शेवटच्या भोकाच्याही पुढे, घरी पाडलेल्या भोकात बसवायचे. विक्रोळीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालेले. त्यांचे मोठे भाऊ, आमचे तात्या, घाटकोपरच्या भटवाडीत राहतात. ते याच्या बरोबर उलट. पोट असं की शर्टाचं खालचं बटण त्यांनी कधी लावलेलं मला आठवत नाही. आजोबा गिरणीत होते, तेव्हा लालबागच्या एका खोलीत हे दोघे भाऊ एका ताटात जेवून वाढले. गिरणी गेली आणि दोघे उपनगरांत पांगले. आई-बाप एक, ताट एक. थोरला जाडजूड, त्याची साखर नवीन लग्न झालेल्या पोरासारखी. धाकटा काटकुळा, त्याला पन्नाशीतच मधुमेह.

तात्यांना याचा फार अभिमान. जेवणानंतर दोन आंबे चोखून, हात कोपरापर्यंत माखलेला असताना ते म्हणायचे, "माका बघ. रोज खातंय. काय झाला माका? मनावर ताबो लागता." आणि मग बाबांकडे बघून, "शशीचो जिभेवर ताबो नाय. लहानपणापासून नाय."

बाबांचे रिपोर्ट यायचे आणि घरात खटला उभा राहायचा. आई आकडा वाचायची, मग बाबांकडे बघायची. "खाल्लात ना? खरं सांगा. मी देवळात गेले होते तेव्हा खाल्लात ना?"

"नाही खाल्ला."

"मग हे काय आभाळातून आलं?"

नाक्यावरचे डॉक्टर, वर्षानुवर्षांचे ओळखीचे, तेही तसलेच. चष्म्यावरून बघून म्हणाले, "शशिकांतराव, सीझन चालू आहे, मला समजतं हो. पण आता आवरा." आणि गोळी वाढवून दिली. बाबांनी तिथेही सांगितलं, की मी खाल्लेला नाही. डॉक्टर हसले. त्या हसण्यात इतकी माया होती, की भांडायचीही सोय नव्हती.

त्या आठवड्यात आईने आंबे बेडरूमच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. साड्यांना आंब्याचा वास लागला. बाबांनी ते कुलूप पाहिलं आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मी भांडले नाही असं नाही. चांगली कडाकडा भांडले. "आई, आमच्याकडे उंदीर आहेत. दोघांनाही तेवढंच खायला घालतो. आम्ही वजन करून घालतो! तरी एकाची साखर चढते, एकाची नाही. तो तपकिरी काय चोरून खातो का?"

"तुझे बाबा उंदीर आहेत का?" आई म्हणाली.

तात्यांनाही फोनवर हेच सांगून पाहिलं. ते खो खो हसले. "काय गो, आता बापाची अक्कल उंदराक इचारतंस?" मी फोन ठेवला आणि उशीत तोंड खुपसून ओरडले.

संस्थेतही काही आनंदीआनंद नव्हता. माझ्याबरोबर ग्लेंडा होती. मढची मुलगी, रोज सकाळी तरीच्या बोटीने खाडी ओलांडून वर्सोव्याला उतरून यायची. उंदरांच्या बाबतीत माझ्यापेक्षा कडक आणि माणसांच्या बाबतीत माझ्यापेक्षा सैल. उंदीरघरात कायम गारवा असायचा. आम्ही बाहेरच्या भट्टीतून घामाने चिंब होऊन आत जायचो आणि शिंका द्यायला लागायचो. "बघ ना यार," ग्लेंडा म्हणायची, "माझ्या मम्मीला पंखा पण धड नाही, आणि हे साहेब बघ. एसीत झोपलेत, पोट वर करून."

आणि त्याच महिन्यात एसी गेला. ऐन दुपारी, सुट्टीच्या दिवशी. आम्ही पोचेपर्यंत उंदीर भिंतीला चिकटून धापा टाकत होते. एक-दोन गेले. बाकीचे वाचले, पण उकाड्याने साखर वरखाली होते, त्यामुळे त्या तुकडीच्या नोंदी बाद. महिनोन्महिन्यांचं काम एका दुपारी पाण्यात. आमचे प्रमुख, सर, म्हणाले, पुन्हा करा. सर नेहमी असंच म्हणतात, चहा सांगावा तसं.

"वाट लागली," ग्लेंडा म्हणाली. मग ओढणीने घाम पुसून पुन्हा जोड्या लावायला बसली. मी बाहेर जाऊन जिन्यात उभी राहिले आणि देशी-विदेशी सगळ्या शास्त्रज्ञांना मनातल्या मनात शिव्या घातल्या.

साखर तपासण्याआधी उंदरांना उपाशी ठेवावं लागतं. हे काम मला कधीच आवडलं नाही. खाणं काढून घ्यायचं, पाणी ठेवायचं. मध्ये मध्ये जाऊन बघायचं, कोणी मलूल तर पडला नाही ना, थरथरत तर नाही ना. एखादा सुस्त वाटला की ग्लेंडा त्याला ताबडतोब बाजूला काढून खायला घालायची. "मरेल ना तो! एवढं काय आपलं काम अडलंय!" उपाशी उंदीर वेगळा बसतो. केस पिंजारलेले, पाठीला बाक, डोळे अर्धे मिटलेले. एकदा ओळखू यायला लागलं की विसरता येत नाही.

घरी बाबा तसेच बसत होते आणि आम्हाला वाटत होतं, उकाडा आहे.

नंतर आईने हिशेब जुळवला तेव्हा उलगडलं. आंबा तर बाबांनी कुलूप लागायच्या आधीच सोडलेला होता. आता भातही सोडला. मग भाकरी अर्धी. मग संध्याकाळी "भूक नाही." एकदाच रिपोर्ट असा यावा, की कोणी काही बोलणार नाही, एवढंच त्यांना हवं होतं. गोळ्या मात्र चालू होत्या, वाढवलेल्या. बाबांनी डॉक्टरांचं कधी मोडलं नाही.

साखरपुड्याचा दिवस उजाडला. घाटकोपरला पहिल्या मजल्यावरचा हॉल. एसी आहे म्हणून तात्यांनी तो निवडलेला, आणि एसी फक्त स्टेजच्या बाजूला चालत होता. मागच्या रांगांत माणसं आमंत्रणपत्रिकांनी वारा घेत होती. मोगरा, अगरबत्ती, तळणाचा वास, आणि या सगळ्याच्या वर आमरस. तात्यांनी गावाहून पेट्या मागवल्या होत्या. "माझ्या चेडवाच्या साखरपुड्याक रस कमी पडता नये," असं ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. रेश्मा शेवाळी रंगाच्या साडीत, हातभर मेंदी, घामाने कपाळावरची बट चिकटलेली. स्टेजवरच्या तबकांत दोन्हीकडचे साखरेचे पुडे, जरीच्या कागदात गुंडाळलेले, टिकल्या-मोती लावून उभे केलेले.

बाबा तिसऱ्या रांगेत कडेला बसले होते. सकाळी गोळी घेऊन निघालेले. नाश्ता "तिथेच करू" म्हणाले होते. तिथे कांदेपोहे आणि शिरा होता. शिऱ्याकडे त्यांचा हात जायच्या आधीच कोणीतरी ओरडलं, "त्यांना नको हां, त्यांना साखर आहे!" त्यांनी पोह्यांचीही बशी परत केली.

विधी चालू झाले. मी मागून पाणी घेऊन येत होते, तेव्हा बाबांकडे लक्ष गेलं. घाम सगळ्यांनाच आला होता, पण बाबांचा घाम वेगळा. शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा पांढरा. पाठीला बाक. डोळे अर्धे मिटलेले. मी खाली बसून त्यांचा हात धरला, तो बर्फासारखा गार.

"बाबा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मंगल, गिरणीचा भोंगा झाला काय गो?"

मंगल ही त्यांची बहीण. ती वारून पुष्कळ वर्षं झालीत.

मला जे समजायचं ते समजलं. "साखर उतरलीय," मी ओरडले. "गोड आणा! कोणीतरी गोड आणा, पटकन!"

आता हे ऐकून माणसांनी काय करावं? माणसांनी चर्चा केली. एक म्हणाला, चक्कर आहे, कांदा हुंगवा. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "घेऊन आलाय काय सकाळी सकाळी?" एक मामी रसाची वाटी घेऊन खरोखर धावल्या, तर स्टेजवरून तात्या खाली उतरून आडवे झाले. दोन्ही हात पसरून. "गोड देव नको! तेका साखर आसा! मारतंस काय तेका?"

"तात्या, साखर कमी झालीय त्यांची!"

"कमी? गेल्या आठवड्यात तर..."

"तात्या, बाजूला व्हा!"

"गो, तुका कळता काय? एवढी वर्षां सांगतंय मी, साखर म्हणजे..."

तात्यांच्या हाताला लागून मामींची वाटी सांडली. पिवळा रस फरशीवर पसरला. बाबांची मान एका बाजूला कलायला लागली होती. आई त्यांना धरून नुसती "अहो, अहो" करत होती. इतकी वर्षं मी लोकांना समजावत आले होते. दारात, लग्नांत, फोनवर, उंदरांची चित्रं काढून. त्या क्षणी माझ्यातलं समजावण्याचं सगळं संपलं. मी स्टेजवर चढले, समोरच्या तबकातला नवऱ्याकडचा साखरेचा पुडा उचलला आणि दातांनी फाडला.

हॉलमध्ये एक मोठा "हं!" झाला. मोती तडतडत स्टेजवर घरंगळले. मी खाली उतरून मूठभर साखर पाण्याच्या ग्लासात टाकली, बोटाने ढवळली. बाबा अजून गिळू शकत होते. एक घोट. थांबले. आणखी एक घोट. मग हिरड्यांना साखर चोळली, मग पुन्हा पाणी. हनुवटीवरून ओघळ शर्टात गेले.

तात्या माझ्या डोक्यावर उभे होते. त्यांचा आवाज फाटला होता. "पुडो फोडलंस? माझ्या चेडवाचो पुडो फोडलंस?"

नवऱ्या मुलाची आई उठून आली. मला वाटलं, आता लग्न मोडलं. बारीक चणीची, डोळ्यांत काजळ घातलेली बाई. तिने पदर खोचला, बाबांजवळ उकिडवी बसली आणि त्यांचं कपाळ पुसायला लागली. मग वर बघून तात्यांना म्हणाली, "व्याहीबुवा, माझ्या दिरांचं असंच व्हायचं. साखर कोणाच्यातरी तोंडात जायलाच आणली होती ना? जाऊ दे की."

थोड्या वेळाने बाबांनी डोळे नीट उघडले. गालाला रंग आला. त्यांनी आजूबाजूला जमलेली माणसं पाहिली, माझ्या हातातला ग्लास पाहिला, ओठ चाटले, आणि एकदम घाबरून आईला म्हणाले, "मी नाही गं खाल्लं. हिने घातलं."

मी आजवर पुष्कळ वाक्यं ऐकलीत. त्या एका वाक्याने जेवढा संताप आला, तेवढा कशाने आला नाही. कोणाचा संताप ते मात्र सांगता येत नाही. आईचा नाही, ती ओंजळीत तोंड लपवून रडत होती. तात्यांचाही नाही. शुद्धीवर येताच माणसाला पहिली आठवण आपल्यावरच्या आरोपाची व्हावी, असं जे काही आम्ही सगळ्यांनी मिळून तयार केलं होतं, त्याचा.

साखरपुडा झाला. अर्ध्या पुड्याला कोणीतरी रबर लावलं. रेश्माचं लग्नही त्याच घरात झालं आणि ती सासूच्या नावाने अजून एक तक्रार करत नाही. बाबांना आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी विचारलं काय खाता, मग ऐकलं, आणि मग मानलं. इतकी साधी गोष्ट. तपासणीत निघालं, की बाबांच्या शरीरात मुळात इन्शुलिनच फार कमी तयार होतं. उपाशी राहून ते वाढणार नव्हतं आणि आंबा सोडूनही वाढणार नव्हतं. पथ्याला अर्थ होताच, पण नुसत्या पथ्याने भागणारं नव्हतं. त्या गोळ्या गेल्या, इन्शुलिन आलं. आता बाबा स्वतः टोचून घेतात आणि जेवतात. पेटी आली की दोन फोडीही खातात, सगळ्यांसमोर, सावकाश, आणि कोणी बघत असलं तर बघू देतात.

उंदरांचं काय झालं? लोक हे विचारतात, तेव्हा त्यांना एका ओळीत उत्तर हवं असतं. ते माझ्याकडे नाही. बाद झालेली तुकडी आम्ही पुन्हा उभी केली. ज्यांची साखर चढली त्यांच्यात तपकिऱ्यांचा एक तुकडा खरंच पुन्हा पुन्हा सापडला. त्या तुकड्यात जनुकांची भली मोठी वस्ती. त्यातलं नेमकं घर शोधण्यात आणखी वर्षं गेली, ग्लेंडाचे केस पिकले, माझा चष्मा बदलला. शेवटी एक जनुक हाती लागलं. तपकिऱ्यांमध्ये त्यात एक बारीक चूक आहे, आणि तिच्यामुळे कामाचा भार वाढला की त्यांच्या इन्शुलिनच्या पेशी थकतात. माणसांच्या गुणसूत्रांवर त्याच्या जोडीच्या जागी पाहिलं, तर तिथेही एक संकेत निघाला. अगदी बारीक. धोका थोडासा वाढवणारा. असे कितीतरी बारीक धोके एकत्र येतात तेव्हा कुठे एका माणसाची बाजू लंगडी होते. यातून औषध निघेल का? निघेल कदाचित. माझ्या हयातीत निघेल का? मला विचारू नका. सर म्हणतात, पुढचं करा.

बाबांमध्ये ती चूक आहे का, हेही लोक विचारतात. मला माहीत नाही. आम्ही तपासलं नाही. एका माणसाबद्दल त्यातून फारसं काही सांगताही येत नाही. आणि खरं सांगू, बाबा निर्दोष आहेत याचा पुरावा त्यांच्या रक्तातून काढून दाखवायला मी कोण? तो द्यायची वेळ यावी, याचीच मला चीड येते.

एका रविवारी तात्या मुलुंडला आमच्या घरी आले. साखरपुड्याला बरेच दिवस झाले होते आणि तेव्हापासून त्यांचा फोन नव्हता. आले ते बाबांकडे न जाता स्वयंपाकघरात माझ्यासमोर स्टूल ओढून बसले. स्टूल करकरलं.

"तुझे ते काळे उंदीर," ते म्हणाले. "जाडे. खातत, तरी साखर नाय."

"हो."

"ते काय करतत? धावतत-बिवतत? की जिभेवर ताबो?"

"काही करत नाहीत तात्या. खातात आणि झोपतात."

"मगे?"

"तसे जन्माला आलेत."

त्यांनी हात लांब करून सिंकचा नळ आवळला. तो तरी ठिबकत राहिला. मग त्यांनी विचारलं, अगदी हळू, "म्हणजे माझा ह्यात काय कर्तृत्व नाय?"

एरवी मी तुटून पडले असते. इतक्या वर्षांची उत्तरं तयार होती. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "फारसं नाही."

तात्या उठले. बाहेरच्या खोलीत बाबा पेपर वाचत होते. तात्या त्यांच्या शेजारी बसले, मांडीला मांडी लागेल इतके जवळ. मी दारात थांबले. आई हातात लाटणं घेऊन माझ्या मागे.

"शशी," तात्या म्हणाले, "तू आंबे खाय नव्हतंस?"

"नाय."

"एकव नाय?"

"नाय."

"मगे सांगलंस कित्याक नाय रे?"

बाबांनी पेपराची घडी घातली, मांडीवर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवला.

"सांगी होतंय," ते म्हणाले. "कोणी आयकूक नाय."